घर घ्यावे माळा पाहून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. घर बांधताना किती यातायात पडते, याची सूचना तीत आहे. परंतु दुसऱ्याने बांधलेले, कित्येक वर्षे वापरलेले घर विकत घेताना काय पाहावे, याबद्दल ती काहीच सांगत नाही. आणि वास्तविक पाहता अधिक फसगत होते ती येथेच. घर बांधणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पाया खणला जातो, भिंती उभ्या राहतात, आढे चढते. विकत घेणाऱ्यापुढे मात्र घर येते ते रंगरंगोटी करून, सजवून.

असे घर पाहावयास गेलेले कुटुंब काय पाहते? ओटी प्रशस्त आहे का, स्वयंपाकघरात उजेड येतो का, विहिरीला पाणी किती, दार कोणत्या दिशेला, शेजारपाजार कसा, एवढे पाहिले की सौदा ठरतो. माळ्यावर जाण्यासाठी शिडी मागणारा ग्राहक शंभरांत एखादाच. फार तर खालूनच कोणीतरी विचारतो, “वर काय आहे?” आणि उत्तर मिळते, “काही नाही, अडगळ आहे.” त्या अडगळीच्या मागे घराचे खरे आरोग्य दडलेले असते, हे पहिला पाऊस पडेपर्यंत लक्षात येत नाही.

माळा पाहावयाचा तो मुख्यतः एका कारणासाठी. घराच्या दर्शनी भिंतींना रंग देता येतो, फरशी घासूनपुसून लखलखीत करता येते. माळ्याला मात्र कोणी रंग देत नाही. आढे, वासे, तुळया, रीपा हा छपराचा सांगाडा तेथे उघडा असतो. छपरातून शिरलेले पाणी पहिली खूण ठेवते ती तेथेच. विजेच्या तारा तेथूनच फिरतात, आणि पुष्कळ घरांत पाण्याची टाकीही तेथेच चढवून ठेवलेली असते. सारांश, वैद्य जसा जीभ पाहून पोटाची परीक्षा करतो, तशी माळा पाहून घराची परीक्षा करता येते.

याला कायद्याचीही एक बाजू आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमानुसार, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला ठाऊक नसलेला महत्त्वाचा दोष उघड करून सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. मात्र त्यात एक मेख आहे. तो दोष असा असला पाहिजे की, घेणाऱ्याने सामान्य दक्षता बाळगूनही त्याच्या ध्यानात आला नसता. शिडी लावून विजेरीच्या उजेडात जो दोष सहज दिसला असता, तो न पाहता खरेदीखतावर सही करणारास पुढे तक्रारीला फारशी जागा उरत नाही. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली सारी पुंजी ज्या घरात घालावयाची, त्याच्या माळ्यावर अर्धा तास घालवणे ही म्हणूनच हौस नव्हे, दक्षता आहे.

छपरे सर्वत्र सारखी नसतात. म्हणून दोषही सारखे नसतात. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर या बाजूंस तो हजारांच्या आतच असतो. गोव्यातील आणि बेळगावकडील जुनी घरे बहुधा उतरत्या छपराची. आधी त्यांवर नळीची कौले असत. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर एकमेकांत अडकणारी सपाट मंगळुरी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. माळवा आणि गुजरात या भागांत लाकडी चौकटीची, कडीपाटाची, मजल्यांवर मजले चढवलेली घरे पुष्कळ. हैदराबाद, गुलबर्गा, विजापूर या दख्खनी टापूत मातीचे सपाट धाबे किंवा माळवद. या प्रत्येकाची तपासणी थोडी निराळी. तरीही काही गोष्टी सर्वांना लागू आहेत.

पहिली तपासणी माळ्यावर चढण्यापूर्वीच, रस्त्यावर उभे राहून करावी. आढ्याची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेने मोजावी. ती मधेच घोड्याच्या पाठीसारखी खचलेली दिसली, तर खाली एखादी तुळई वाकली आहे किंवा कैचीचा सांधा सुटला आहे असे समजावे. पाख्याचा काही भाग फुगलेला वा दबलेला दिसला, तर तेथील वासे पाहिल्याखेरीज राहू नये. जुन्या काळ्याशार कौलांत मधेच ताज्या लाल कौलांचा पट्टा दिसला, तर तेथे काय झाले होते ते विचारावे. दुरुस्ती ही काही लाजेची गोष्ट नव्हे; पण ती कशाची होती हे घेणाऱ्यास कळले पाहिजे.

मग माळा. त्यासाठी दिवसाची वेळ, भक्कम शिडी, चांगली विजेरी, एक दाभण, लहान हातोडी, खडूचा तुकडा आणि नाकातोंडाला बांधावयास फडके एवढी सामग्री पुरते. एकट्याने चढू नये. जुन्या माळ्याच्या फळ्या वरून धडधाकट आणि आतून भुसा झालेल्या असू शकतात. म्हणून पाय तुळईवर ठेवावा, दोन तुळयांमधील फळीवर नव्हे. विजेच्या उघड्या तारेला हात लावू नये. अंधाऱ्या कोपऱ्यात हात घालण्यापूर्वी उजेड टाकावा. गांधीलमाशा, साप यांनाही माळा प्रिय असतो. आणि मुख्य म्हणजे, घर पाहावयास येण्यापूर्वीच अडगळ बाजूला करून ठेवण्याची विनंती मालकास करावी. ट्रंका, मोडकी पाळणी, जुनी भांडी यांच्या राशीखाली दोषही झाकले जातात. आणि कित्येकदा घराची जुनी कागदपत्रेही त्याच ट्रंकांत निघतात.

वर गेल्यावर सर्वप्रथम विजेरी विझवावी आणि डोळे अंधाराला सरावू द्यावेत. छपरात जेथे जेथे फट असेल, तेथे तेथे उजेडाचे ठिपके दिसतील. कौलारू छपरात काही ठिपके असावयाचेच. वारा खेळता राहण्यास ते उपयोगीही असतात. पण आढ्यावरच्या कोन्यांखाली, दोन पाखी मिळतात त्या पन्हळीत, किंवा छप्पर भिंतीला टेकते त्या रेषेवर उजेड दिसला, तर तेथून पाणी येते असे धरून चालावे. छपरे बहुधा या तीन जागीच गळतात. किनाऱ्यालगत नैर्ऋत्येकडून झोडपणारा पाऊस असल्याने त्या बाजूचे पाखे विशेष बारकाईने पाहावे.

नंतर विजेरी पेटवून ती लाकडाला समांतर, तिरपी धरावी. सरळ उजेडात न दिसणारे डाग, फुगवटे आणि भेगा तिरप्या उजेडात उठून दिसतात. चहाच्या रंगाचे, कडा गडद असलेले डाग हे पाण्याचे. असा डाग दिसला की त्याच्या माथ्यावरचेच कौल फुटले आहे असे समजू नये. पाणी वाशाच्या अंगाने घरंगळत जाते आणि चार हात खाली जाऊन टपकते. म्हणून डागापासून वाशाच्या चढणीने वर वर शोध घ्यावा. डाग जुना की नवा हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. त्याच्या कडेने खडूने रेघ ओढून ठेवावी आणि पाऊस पडून गेल्यावर पुन्हा येऊन पाहावे. डाग रेघेबाहेर पसरला असेल, तर गळती चालू आहे. उन्हाळ्यात घर पाहत असल्यास मालकाच्या संमतीने छपरावर नळीने पाणी सोडून पाहता येते. मात्र सुरुवात वळचणीपासून करून क्रमाने वर जावे. म्हणजे नेमकी कोणती ओळ गळते ते कळते.

पाण्याने लाकूड लगेच कुजत नाही. सतत ओले राहिल्याने कुजते. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या वर राहू लागला की बुरशीला थारा मिळतो. अशा लाकडावर आडव्याउभ्या भेगा पडून त्याचे चौकोनी तुकडे होऊ लागतात आणि दाभण लोण्यात शिरावे तसे आत जाते. याची परीक्षा वाशाच्या मध्यावर करून उपयोग नाही. तुळईचे टोक जेथे भिंतीत शिरते, तेथे ती करावी. जांभ्या चिऱ्याच्या वा मातीच्या भिंती पावसाळ्यात पाणी पितात आणि ते पाणी तुळईच्या झाकलेल्या टोकाला पाजतात. तुळई खोलीच्या मधोमध दगडासारखी घट्ट असते आणि भिंतीतल्या वीतभर टोकाशी तिचा भुगा झालेला असतो. सारा भार मात्र त्या टोकावरच असतो. हातोडीने हलके ठोकून पाहिल्यास निरोगी लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले भद्द आवाज करते.

वर्षानुवर्षे बंद असलेल्या घरांत हा रोग विशेष आढळतो. घरात चूल पेटत असे तेव्हा तिच्या उष्णतेने आणि धुराने माळा कोरडा राहत असे. दारे-खिडक्या उघडत, एखादे कौल सरकले तर त्याच आठवड्यात कोणी तरी ते नीट बसवी. मालक मुंबईला किंवा परदेशी गेले, घराला कुलूप लागले, आणि सरकलेले एक कौल चार पावसाळे तसेच राहिले, की त्याखालचा वासा जातो. म्हणून ‘घर कित्येक वर्षे वापरलेच नाही, अगदी नव्यासारखे आहे’ असे कोणी सांगितले, तर ते ऐकून आनंदित होण्याऐवजी अधिक सावध व्हावे.

पाण्यामागोमाग येते कीड. लाकूड खाणारे जीव अनेक असले, तरी घर घेणाऱ्याने तिघांची ओळख करून घेतली की पुरे. पहिली, जमिनीतून येणारी वाळवी. ती भिंतीवरून पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या नळ्या बांधीत माळ्यापर्यंत पोहोचते. अशी नळी दिसल्यास मधला बोटभर तुकडा मोडावा आणि काही दिवसांनी पाहावे. तो पुन्हा बांधला गेला असेल, तर वाळवी जिवंत आहे. नळी रिकामी निघाली म्हणून वाळवी गेली असे मात्र मानू नये. ती शेजारूनच दुसरी वाट काढते. दुसरी, कोरड्या लाकडात राहणारी वाळवी. ती मुख्यतः समुद्रकाठच्या दमट हवेत आढळते. तिला जमिनीशी संबंध ठेवावा लागत नाही, म्हणून मातीच्या नळ्याही दिसत नाहीत. तिची खूण म्हणजे लाकडाखाली पडलेले खसखशीसारखे दाणे; भिंगातून पाहिल्यास प्रत्येक दाण्याला सहा बाजू दिसतात. तिसरा, भुसा पाडणारा भुंगेरा. टाचणीच्या डोक्याएवढी भोके आणि त्यांखाली मैद्यासारखी मऊ पूड ही त्याची निशाणी. हा भुंगेरा सागाच्या गाभ्याच्या गडद लाकडाला सहसा लागत नाही; सालीलगतच्या फिकट लाकडाला मात्र सोडत नाही. त्यामुळे ‘सगळे सागवान आहे’ एवढ्या आश्वासनावर विसंबू नये. साग गाभ्याचा आहे की कडेचा, हे पाहावे. पूड जुनी की ताजी हे कळण्यासाठी जागा झाडून तेथे काळा कागद अंथरावा आणि आठवड्याने पाहावे. कागद कोरा राहिला, तर कीड बहुधा केव्हाच निघून गेलेली असते. पूड पडली, तर ती आत आहे.

कीड आहे म्हणून घर सोडूनच द्यावे असे नाही. उभ्या इमारतीत वाळवीचा बंदोबस्त कसा करावा याचे भारतीय मानक आहे आणि ते काम जाणकारांकडून करून घेता येते. पूर्वी त्यासाठी सर्रास वापरली जाणारी ऑल्ड्रिन, डिल्ड्रिन यांसारखी विषे २००१ च्या स्टॉकहोम करारात घातक म्हणून समाविष्ट झाली आहेत. जुना डबा माळ्यावर सापडलाच, तर तो उघडू नये.

निसर्गाने केलेल्या दोषांपेक्षा माणसाने केलेले दोष कित्येकदा अधिक भयंकर असतात. कौलारू छपराची कैची हे त्याचे उत्तम उदाहरण. दोन माणसांनी समोरासमोर उभे राहून तळवे एकमेकांवर टेकावेत आणि पुढे झुकावे, तशी दोन वाशांची स्थिती असते. त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात. ते सरकू नयेत म्हणून खालून आडवी तुळई त्यांना बांधून ठेवते. पुढे कोणाच्या तरी मनात येते की माळ्यावर मुलांसाठी एक खोली काढावी. ही आडवी तुळई डोक्याला लागते, म्हणून ती कापली जाते. छप्पर त्या दिवशी पडत नाही. पण वाशांचे पाय भिंतींना बाहेर ढकलू लागतात. म्हणून माळ्यावर खोली काढलेली असेल, तर कापलेल्या तुळईची टोके शोधावीत आणि बाहेरून भिंतीला ओळंबा लावून पाहावा. भिंतीचा माथा बाहेर झुकला असेल, तर सुताराचे काम संपून स्थापत्य अभियंत्याचे काम सुरू झाले असे समजावे.

छपराच्या वजनाचाही विचार अवश्य करावा. मंगळुरी कौलांचे छपर रीपांसह चौरस मीटरला सुमारे ६५ किलो भरते. मातीच्या धाब्याचा हिशेब याहून फार मोठा आहे. एक फूट जाडीची माती चौरस मीटरला सुमारे अर्धा टन होते. आणि गळती थांबविण्यासाठी वेळोवेळी वर नवी माती घालण्याची चाल असल्याने जाडी वाढतच जाते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची अवजड माळवदे यांनी त्या रात्री निजलेल्यांचा घात केला. दख्खनी भागात धाब्याचे घर घेताना मातीची जाडी मोजून घ्यावी आणि खालच्या कड्या वाकल्या आहेत का ते दोरी ताणून पाहावे.

वजनाचाच दुसरा प्रकार म्हणजे पाण्याची टाकी. पाचशे लिटरची टाकी भरली की तिच्यातले पाणीच अर्धा टन होते. ज्या तुळया केवळ अडगळ आणि धान्याची पोती पेलण्यासाठी होत्या, त्यांवर अशी टाकी बसविलेली आढळते. ती नेमकी कशावर टेकली आहे, खालची फळी ओली आहे का, जादा पाणी वाहून जाण्याची वाट कोठे आहे, हे पाहावे.

विजेच्या तारांकडे तर डोळेझाक करूच नये. जुन्या घरांत लाकडी पट्टीवर रबरी आवरणाच्या तारा बसविलेल्या असत. कालांतराने ते रबर कडक होऊन तडकते आणि हात लागताच गळून पडते. त्यात उंदीर आवरण कुरतडतात. वाळलेले लाकूड, कोळिष्टके, जुने कागद आणि उघडी तार ही सामग्री एकत्र आली की आगीला निमित्तच हवे असते. अशा घरात सर्व तारा नव्याने घालण्याचा आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे उपकरण बसविण्याचा खर्च किंमत ठरवतानाच धरावा.

दुरुस्तीसाठी मधूनच घातलेले सिमेंटचे पन्हळी पत्रे दिसले, तर ते ॲस्बेस्टॉसचे असण्याचा संभव ध्यानात ठेवावा. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांत गेल्यास कर्करोग होऊ शकतो. अखंड पत्रा लगेच अपाय करीत नाही. तो कापणे, फोडणे, घासणे मात्र टाळावे आणि काढावयाचा झाल्यास जाणत्यांकडून काढवावा. माळ्यावर वटवाघळे किंवा उदमांजर वस्तीला असेल, तर त्यांची घाण लाकूड खराब करते, दुर्गंधी पसरवते. ती सुकी विष्ठा झाडून धूळ उडवू नये. उदमांजराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. म्हणून मारण्याचा विचार न करता ते रात्री बाहेर पडल्यावर वाट बुजवावी. मात्र आत पिल्ले नाहीत याची आधी खात्री करून घ्यावी.

ज्यांना वाडा किंवा कौलारू घर नव्हे, तर इमारतीतील जुना फ्लॅट घ्यावयाचा आहे, त्यांनीही माळा नाही म्हणून निश्चिंत राहू नये. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांवरचा सिमेंटचा पोटमाळा रिकामा करवून पाहावा. वरच्या बिऱ्हाडाच्या न्हाणीतील गळती प्रथम तेथेच उतरते. सळई गंजली की गंजाला मूळ लोखंडाहून अधिक जागा लागते. त्या दाबाने काँक्रीट फुगते, तडकते आणि त्याची खपली पडते. छताला एकाच ठिकाणी ताजा रंग दिला असेल, तर त्या रंगाखाली काय होते हे विचारण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे.

एवढे पाहिल्यावर मन धास्तावून जाण्याचे कारण नाही. शंभर वर्षांच्या घराच्या माळ्यावर एकही डाग नाही असे घडत नाही. चार वासे बदलावयाचे, पन्हळ दुरुस्त करावयाची, तारा नव्या घालावयाच्या, ही कामे होण्यासारखी आहेत. भिंतींचे कलणे आणि मुख्य तुळयांचे कुजणे हे दोष मात्र निराळ्या जातीचे. कोणता दोष कोणत्या जातीचा, हे अनुभवी सुतार आणि स्थापत्य अभियंता यांना दाखवून त्यांच्याकडून लेखी घ्यावे. दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज विसार देण्यापूर्वी हाती असावा आणि जे ठरले ते साठेखतात लिहून घ्यावे. तोंडी आश्वासने पावसाळ्यापर्यंत टिकत नाहीत.

आणखी एक गोष्ट. विकणारा प्रत्येक जण लबाड असतो असे नाही. वृद्ध मालकीण वीस वर्षांत माळ्यावर चढलेलीच नसते. तिलाही वाळवीचा पत्ता नसतो. अशा वेळी सापडलेला दोष हा तिला कोंडीत पकडण्याचे हत्यार करू नये. तो दोघांनी मिळून पाहावा, दुरुस्तीचा वाजवी खर्च किमतीतून वजा करावा आणि व्यवहार निर्मळ मनाने पुरा करावा. घेणारा डोळे उघडे ठेवून घेतो, विकणारा सांगून विकतो. मग पहिल्या पावसाच्या रात्री नव्या घरातल्या माणसांना भांडी घेऊन गळतीमागे धावावे लागत नाही.